गोरेगाव विधानसभा मतदारसंघाचा इतिहास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोरेगाव विधानसभा मतदारसंघ नेमका कोठे आहे?

हा मतदारसंघ मुंबई उपनगर जिल्ह्यात, पश्चिम रेल्वेच्या पट्ट्यात आहे. महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ मतदारसंघांच्या यादीत त्याचा क्रमांक १६३ आहे. लोकसभेसाठी तो मुंबई उत्तर-पश्चिम मतदारसंघात मोडतो. जोगेश्वरी पूर्व, दिंडोशी, वर्सोवा, अंधेरी पश्चिम आणि अंधेरी पूर्व हे त्याच लोकसभा मतदारसंघातील अन्य पाच विधानसभा मतदारसंघ आहेत.

गोरेगाव नावाचे उपनगर आणि गोरेगाव नावाचा मतदारसंघ यांच्या सीमा मात्र सारख्या नाहीत. स्थानिक इतिहासाविषयीचे बहुतेक गैरसमज या दोघांना एकच मानण्यातून होतात, त्यामुळे पुढील अनेक उत्तरांत हा फरक पुन्हा पुन्हा येईल.

मतदारसंघाचा इतिहास किती मागे न्यावा?

केवळ आमदारांची यादी हवी असेल तर निवडणूक आयोगाची सांख्यिकी पुरेशी आहे. येथील राजकारण पाणी आणि घर या दोन प्रश्नांभोवतीच का फिरत राहिले, हे समजून घ्यायचे असेल तर मात्र गोरेगाव मुंबई महापालिकेत येण्यापूर्वीच्या काळापर्यंत जावे लागते. १९५० मध्ये मुंबई महापालिकेची हद्द जोगेश्वरीपर्यंत वाढली आणि गोरेगाव तेव्हा बाहेरच राहिले. १ फेब्रुवारी १९५७ रोजी पश्चिमेकडे दहिसरपर्यंत आणि पूर्वेकडे मुलुंडपर्यंतचा भाग बृहन्मुंबईत आला, त्यात गोरेगाव होते. तोपर्यंत येथे ग्रामपंचायत होती आणि रस्ते, दिवे, पाणी, गटारे हे सारे तिच्या तुटपुंज्या उत्पन्नावर चालत असे.

महापालिकेत आल्यामुळे गावाचे शहर झाले खरे, परंतु शहराच्या सोयी लगेच आल्या नाहीत. गोरेगावच्या पूर्वेला डोंगराआड असलेला विहार तलाव १८६० मध्ये बांधून झाला होता आणि त्याचे पाणी दक्षिणेकडच्या मूळ शहरासाठी होते. धरण शेजारी आणि नळ मात्र दूरच्या वस्तीत, या विषमतेची जाणीव उपनगरातील माणसाला रोज होत होती. पुढील तीन दशकांचे राजकारण या जाणिवेतून उभे राहिले.

पाण्याचा प्रश्न येथे निवडणुकीचा प्रश्न कसा झाला?

याचे उत्तर मृणाल गोरे यांच्या कार्याखेरीज देता येत नाही. २४ जून १९२८ रोजी जन्मलेल्या मृणालताईंनी वैद्यकीय शिक्षण अर्ध्यावर सोडून राष्ट्र सेवा दल आणि समाजवादी चळवळीचे काम पत्करले. १९४८ मध्ये केशव ऊर्फ बंडू गोरे यांच्याशी विवाह झाल्यावर दोघांनीही गोरेगाव हेच आपले कार्यक्षेत्र मानले. त्या प्रथम गोरेगाव ग्रामपंचायतीवर निवडून आल्या. १९५८ मध्ये केशव गोरे यांचे अकाली निधन झाले. त्यांच्या नावाने उभे राहिलेले स्मारक आजही गोरेगावातील सार्वजनिक कार्याचे केंद्र आहे. १९६१ मध्ये मृणालताई मुंबई महापालिकेत नगरसेविका झाल्या.

महापालिकेत त्यांनी धरलेला आग्रह त्या काळाच्या मानाने फार पुढचा होता. झोपडपट्टी अनधिकृत असल्याने तेथे नळ देता येत नाही, ही प्रशासनाची भूमिका होती. जमिनीची मालकी हा एक प्रश्न आहे आणि माणसाला प्यायला पाणी मिळणे हा दुसरा, पहिल्याचा निकाल लागेपर्यंत दुसरा थांबू शकत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. रिकामे हंडे घेऊन स्त्रिया महापालिकेवर चालून जाऊ लागल्या आणि हंडा मोर्चा हा शब्द मुंबईच्या राजकीय व्यवहारात रुळला. मृणालताईंना ‘पाणीवाली बाई’ हे नाव मिळाले ते या मोर्च्यांतून.

या मोर्च्यांचे महत्त्व केवळ मिळालेल्या नळांवर मोजू नये, असे माझे मत आहे. पाणी भरण्याचे काम ज्यांच्या वाट्याला होते त्या स्त्रिया यापूर्वी सभेला श्रोत्या म्हणून येत, आता त्या अधिकाऱ्यापुढे आकडे मांडू लागल्या. उपनगरातील मतदाराची राजकीय जडणघडण येथे झाली, आणि पुढे ज्या ज्या पक्षाने हा भाग जिंकला त्याला नळ, गटार, रस्ता यांचा हिशेब द्यावाच लागला. पाण्याचा हा युक्तिवाद पुढे न्यायालयानेही स्वीकारला. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, वस्ती अनधिकृत आहे एवढ्याच कारणाने रहिवाशांना पाणी नाकारता येणार नाही, असा निर्णय दिला.

मृणाल गोरे १९७२ मध्ये गोरेगावमधून आमदार झाल्या, हे खरे आहे का?

नाही. १९७२ मध्ये त्या समाजवादी पक्षातर्फे मालाड मतदारसंघातून विधानसभेवर गेल्या. गोरेगाव मतदारसंघातून त्या निवडून आल्या १९८५ मध्ये, जनता पक्षाच्या उमेदवार म्हणून. त्यांचे घर, संस्था आणि कार्यकर्ते गोरेगावात असल्याने दोन्ही निवडणुका एकत्र मिसळल्या जातात.

या दोन निवडणुकांमधली वर्षेही मतदारसंघाच्या इतिहासाचाच भाग आहेत. १९७२ मध्ये महागाईविरोधात स्त्रियांची संयुक्त समिती स्थापन झाली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि प्रमिला दंडवते यांसारख्या वेगवेगळ्या पक्षांच्या नेत्या तिच्यात एकत्र आल्या आणि लाटणे मोर्चे निघाले. आणीबाणीत मृणालताई काही महिने भूमिगत राहिल्या आणि १९७५ च्या अखेरीस त्यांना अटक झाली. १९७७ च्या लोकसभा निवडणुकीत त्या मुंबई उत्तरमधून विजयी झाल्या, तर इंदिरा गांधी रायबरेलीत पराभूत झाल्या. तेव्हाची ‘पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में’ ही घोषणा आजही जुन्या कार्यकर्त्यांच्या तोंडी आहे. १९८० च्या दशकाच्या आरंभी मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांच्याविरुद्ध सिमेंट वाटपाच्या प्रकरणात न्यायालयात जाणाऱ्यांत मृणाल गोरे आणि त्यांचे सहकारी प. बा. सामंत होते. जानेवारी १९८२ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल विरोधात गेल्यावर अंतुले यांनी राजीनामा दिला.

१९८५ ते १९९० या काळाला विशेष महत्त्व का दिले जाते?

या पाच वर्षांत गोरेगावच्या आमदाराचा आवाज मतदारसंघाच्या सीमेबाहेर दूरवर पोहोचला. १९८८-८९ मध्ये मृणाल गोरे विधानसभेत विरोधी पक्षनेत्या होत्या. गर्भलिंग चाचणीविरोधात त्यांनी सभागृहात अशासकीय विधेयक मांडले. बाहेर स्त्री संघटना आणि डॉक्टरांचा एक गट याच मागणीसाठी मोहीम चालवत होता. १९८८ मध्ये महाराष्ट्राने गर्भलिंग चाचण्यांचे नियमन करणारा कायदा केला आणि असे करणारे ते देशातील पहिले राज्य ठरले. केंद्राचा कायदा त्यानंतर, १९९४ मध्ये आला. विरोधी बाकांवरील सदस्याने मांडलेला विषय सरकारला स्वतःचा म्हणून कायद्यात आणावा लागला, ही संसदीय कामकाजातील सोपी गोष्ट नव्हे.

नागरी निवारा परिषद काय होती आणि तिचा मतदारसंघाशी काय संबंध?

१९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याने शहरातील अतिरिक्त मोकळी जमीन सरकारने ताब्यात घ्यावी आणि ती सर्वसामान्यांच्या घरांसाठी वापरावी, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात सवलतीच्या कलमांचा आधार घेऊन बरीचशी जमीन मालक आणि बिल्डर यांच्याकडेच राहू लागली. याविरुद्ध मृणाल गोरे, प. बा. सामंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नागरी निवारा परिषद उभारली. आंदोलन, न्यायालय आणि सरकारशी वाटाघाटी अशा तिन्ही मार्गांनी दीर्घ लढा दिल्यावर गोरेगाव पूर्वेला दिंडोशी येथे ६२ एकर जमीन मिळाली आणि तेथे सहकारी तत्त्वावर सुमारे ६,००० घरे उभी राहिली. शाळा शिक्षक, कारकून, कामगार अशा लोकांना मुंबईच्या हद्दीत परवडणारे पक्के घर मिळाले.

मुंबईत अतिरिक्त जमिनीवर लोकांच्या संघटनेने एवढ्या मोठ्या प्रमाणावर घरे बांधून दाखवल्याची उदाहरणे विरळ आहेत. पुढच्या सरकारांनी तो मार्ग रुंद केला नाही, ही या शहराची मोठी हानी आहे. २००७ मध्ये महाराष्ट्रात कमाल धारणा कायदाच रद्द झाला आणि अशा वसाहतीची कायदेशीर वाट बंद झाली.

मतदारसंघाच्या दृष्टीने एक बाब ध्यानात ठेवावी. नागरी निवारा वसाहत आज गोरेगाव मतदारसंघात नाही, ती दिंडोशी मतदारसंघात आहे. गोरेगावच्या राजकारणाने घडवलेली सर्वांत मोठी वसाहत आता शेजारच्या मतदारसंघात मतदान करते.

समाजवाद्यांचे हे क्षेत्र शिवसेनेकडे कसे गेले?

१९९० मध्ये शिवसेनेचे सुभाष देसाई येथून निवडून आले. त्या वर्षी शिवसेनेने राज्यात ५२ आणि तिच्या मित्रपक्ष भाजपने ४२ जागा जिंकल्या, म्हणजे गोरेगावातील बदल एकट्या गोरेगावचा नव्हता. शेजारच्या मालाडमध्येही १९९० पासून सलग चार वेळा शिवसेनेचे गजानन कीर्तिकर विजयी झाले. देसाई पुढे २००४ आणि २००९ मध्येही गोरेगावमधून निवडून आले आणि सुमारे दोन दशके हा भाग शिवसेनेचा बालेकिल्ला म्हणून ओळखला गेला.

कारणे अनेक आहेत. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या गिरणी संपानंतर गिरणगाव विस्कटले आणि अनेक मराठी कुटुंबे उपनगरांकडे सरकली. जनता पक्षाचे तुकडे होत गेले आणि समाजवादी कार्यकर्त्यांची पुढची फळी तयार झाली नाही. शिवसेनेची शाखा मात्र गल्लीगल्लीत होती. पाण्याची जोडणी, शाळेतील प्रवेश, रुग्णालयातील खाट यांसाठी माणूस शाखेत जाऊ लागला. म्हणजे रोजच्या नागरी अडचणींचे राजकारण येथे आधीच रुजलेले होते आणि शिवसेनेने ते आपल्या पद्धतीने चालवले. समाजवाद्यांनी प्रश्नाला हक्काची भाषा दिली होती, शाखेने त्याला ओळखीची आणि आधाराची भाषा दिली. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो, कारण पहिल्या भाषेत नागरिक समितीत एकत्र येतात आणि दुसऱ्या भाषेत ते एकेकटे मदत मागायला येतात.

२००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेत नेमके काय बदलले?

या एका घटनेने मतदारसंघाचा जितका चेहरा बदलला तितका कोणत्याही निवडणुकीने बदललेला नाही. १९७८ ते २००४ पर्यंतच्या सर्व विधानसभा निवडणुका १९७१ च्या जनगणनेवर आधारलेल्या मतदारसंघांत झाल्या. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने जागांची फेरवाटणी गोठवली होती. १९७१ मध्ये मुंबईचे मूळ शहर आणि उपनगरे यांची लोकसंख्या जवळपास सारखी, प्रत्येकी ३० लाखांच्या आसपास होती. त्यामुळे मुंबईच्या ३४ जागांपैकी १७ शहराला आणि १७ उपनगरांना मिळाल्या, आणि तेव्हा ती वाटणी न्याय्यच होती.

पुढच्या तीस वर्षांत शहर जागच्या जागी राहिले आणि उपनगरे वाढत गेली. २००१ च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ३३ लाख आणि मुंबई उपनगर जिल्ह्याची सुमारे ८६ लाख भरली. तरीही २००४ ची निवडणूक १७ आणि १७ अशाच जागांवर झाली. सरासरी काढली तर उपनगरातील एका आमदाराच्या मागे शहरातील आमदाराच्या अडीचपट लोक होते. पाण्याच्या वाटपात जी विषमता होती, तीच प्रतिनिधित्वातही होती, आणि तिच्याविरुद्ध कधी मोर्चा निघाला नाही.

२००२ च्या कायद्यानुसार न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या परिसीमन आयोगाने, म्हणजे मतदारसंघांच्या सीमा ठरवणाऱ्या आयोगाने, ही विषमता दूर केली. मुंबईच्या जागा ३६ झाल्या. त्यांपैकी शहराला १० आणि उपनगरांना २६ मिळाल्या. १३ ऑक्टोबर २००९ रोजी झालेली निवडणूक नव्या सीमांवरील पहिली विधानसभा निवडणूक होती. जुनी गोरेगाव, मालाड, कांदिवली, बोरिवली ही नावे या पट्ट्यात परिचित होती. त्यांच्या जोडीला दहिसर, मागाठाणे, चारकोप, दिंडोशी, जोगेश्वरी पूर्व, वर्सोवा असे नवे मतदारसंघ आले आणि मालाडचे नाव मालाड पश्चिम झाले. गोरेगाव हे नाव टिकले. मात्र पूर्वेकडील डोंगराच्या बाजूचा मोठा भाग त्यातून वेगळा झाला आणि उरलेल्या मतदारसंघाचा भार मुख्यतः पश्चिमेकडील वस्त्यांवर आला.

आरे वसाहत किंवा चित्रनगरी गोरेगावात असूनही आमदार वेगळे का?

टपालाचा पत्ता गोरेगाव पूर्व असला तरी मतदारसंघ रस्ते, महापालिकेचे प्रभाग आणि जनगणनेचे गट पाहून आखले जातात. आरे वसाहत आता जोगेश्वरी पूर्व मतदारसंघात येते. आरेतील वृक्षतोडीसारख्या विषयावर ‘गोरेगावचे आमदार’ म्हणून प्रश्न विचारला जातो तेव्हा तो अनेकदा चुकीच्या लोकप्रतिनिधीकडे जातो. आपला मतदारसंघ कोणता हे मतदार ओळखपत्रावर छापलेले असते.

२००४ आणि २००९ च्या निकालांची तुलना करता येते का?

मतदारसंघाच्या पातळीवर करता येत नाही आणि करू नये. दोन्ही वेळा विजयी उमेदवार सुभाष देसाई असल्याने तसा मोह होतो. परंतु मतदारच वेगळे असताना मते वाढली किंवा घटली असे म्हणण्याला अर्थ उरत नाही. २००९ पासून पुढच्या निकालांची तुलना योग्य ठरते, कारण तेव्हापासून सीमा तशाच आहेत. याहून बारीक अभ्यास करायचा असेल तर निवडणूक आयोग प्रसिद्ध करत असलेले मतदान केंद्रनिहाय निकाल, म्हणजे नमुना २० ची पत्रके, वस्तीवार लावून पाहावी लागतात. एकेका वसाहतीचा कल कसा बदलला, हे या पत्रकांतून दिसते.

२०१४ मध्ये काय घडले?

सप्टेंबर २०१४ च्या अखेरीस शिवसेना आणि भाजप यांची पंचवीस वर्षांची युती तुटली आणि १५ ऑक्टोबरच्या मतदानात दोन्ही पक्ष समोरासमोर आले. गोरेगावमध्ये भाजपच्या विद्या ठाकूर यांनी सुभाष देसाई यांचा ४,७५६ मतांनी पराभव केला. ठाकूर यांनी पूर्वी मुंबईचे उपमहापौरपद भूषवले होते. निवडून आल्यावर त्या राज्यमंत्री झाल्या. देसाई यांनाही डिसेंबर २०१४ मध्ये, दोन्ही पक्ष सत्तेत पुन्हा एकत्र आल्यावर, उद्योगमंत्रिपद मिळाले आणि पुढे ते विधान परिषदेवर गेले.

या निकालाचे श्रेय केवळ त्या वर्षीच्या मोदी लाटेला देणे अपुरे आहे. युतीत असताना दोन्ही पक्षांची मते एकाच पेटीत पडत होती. त्यामुळे गुजराती, मारवाडी आणि उत्तर भारतीय मतदारांचा किती वाटा भाजपमुळे शिवसेनेला मिळतो, हे कधी मोजलेच गेले नव्हते. ते २०१४ मध्ये प्रथम मोजले गेले.

त्यानंतरच्या निवडणुका?

२०१९ मध्ये युतीच्या उमेदवार म्हणून विद्या ठाकूर यांनी काँग्रेसच्या उमेदवाराचा ४५ हजारांहून अधिक मतांनी पराभव केला. २० नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत त्यांनी शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) पक्षाच्या उमेदवारावर २३ हजारांहून अधिक मतांनी विजय मिळवला आणि सलग तिसऱ्यांदा त्या आमदार झाल्या. त्याच वर्षी झालेल्या लोकसभा निवडणुकीत मुंबई उत्तर-पश्चिमचा निकाल अवघ्या ४८ मतांनी लागला. एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेचे रवींद्र वायकर यांनी शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) पक्षाचे अमोल कीर्तिकर यांचा पराभव केला. दोन शिवसेनांमध्ये या पट्ट्यातील मतदार किती समान विभागला गेला आहे, हे त्या आकड्यावरून दिसते.

आज मतदारसंघातील सर्वांत मोठा प्रश्न कोणता?

पुनर्विकास. सिद्धार्थनगर, म्हणजेच पत्राचाळ, येथील ६७२ कुटुंबांच्या घरांचा पुनर्विकास २००८ च्या करारानुसार सुरू झाला आणि रखडला. रहिवाशांना घर सोडून वर्षानुवर्षे भाड्याने राहावे लागले, प्रकरण चौकशी यंत्रणांपर्यंत गेले आणि शेवटी म्हाडाला काम स्वतःकडे घ्यावे लागले. अनेक ज्येष्ठ नागरिकांचे आयुष्य या प्रतीक्षेत गेले. ही वेदना निवडणुकीच्या आकडेवारीत दिसत नाही, म्हणून येथे तिची नोंद आवश्यक आहे.

याहून कितीतरी मोठा प्रकल्प मोतीलाल नगरचा आहे. म्हाडाच्या या १४३ एकरांच्या बैठ्या वसाहतीत सुमारे ३,७०० गाळे आहेत. मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने म्हाडाला खासगी संस्थेमार्फत पुनर्विकास करण्याची मुभा दिली. घराचे क्षेत्रफळ किती, निर्णयात रहिवाशांची संमती कोठे, मोकळ्या जागा कोणाच्या, हे तेथील रहिवाशांचे प्रश्न आहेत. पुनर्विकासानंतर त्याच जमिनीवर कितीतरी अधिक कुटुंबे राहायला येतील आणि मतदार यादीही त्याप्रमाणे बदलेल. सीमा न बदलता मतदारसंघ बदलण्याची ही दुसरी पद्धत आहे.

मतदारसंघाच्या सीमा पुन्हा बदलतील का?

२००१ च्या ८४ व्या घटनादुरुस्तीने जागांची फेरवाटणी २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत पुढे ढकलली. जून २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या जनगणनेसाठी देशाच्या बहुतांश भागात १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरवण्यात आली. २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीने विधानसभांतील एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखीव ठेवण्याची तरतूदही जनगणनेनंतरच्या परिसीमनाशी जोडली आहे.

परिसीमन आयोग आपला मसुदा प्रसिद्ध करतो, त्यावर ठरावीक मुदतीत हरकती आणि सूचना मागवतो आणि जाहीर सुनावणी घेतो. अंतिम आदेश निघाल्यावर त्याला न्यायालयात आव्हान देण्यास कायद्याने फारसा वाव ठेवलेला नाही. त्यामुळे गोरेगाव पूर्व आणि पश्चिम एकत्र असावेत की नाही, एखादी वसाहत दोन मतदारसंघांत चिरली जाते आहे का, पाणी आणि मलनिस्सारण ज्या महापालिका विभागाकडून मिळते त्याच्याशी मतदारसंघाची सीमा जुळते का, हे मुद्दे मसुद्याच्या टप्प्यावरच लेखी मांडावे लागतील. गृहनिर्माण संस्थांनी आणि वसाहतींच्या समित्यांनी आपल्या सीमांचा नकाशा, इमारतींची यादी आणि सध्याचे मतदान केंद्र यांची माहिती आताच एकत्र करून ठेवावी, म्हणजे हरकतींची मुदत जाहीर झाल्यावर धावपळ होणार नाही.